मुरड

दिवाळी उलटली की दुसऱ्या सोमवारपासून
दुकानाच्या पायरीवर पिशव्या येऊन बसतात.
ब्लाउज, पँटी, एखादी शेरवानी,
आणि प्रत्येक पिशवीसोबत तेच वाक्य:
"निरंजनभाऊ, धुतल्यावर आटलं हो कापड."
मी मान हलवतो.
सक्करदऱ्यात तीस वर्षं झाली,
लोक कापडाच्याच माथी मारून राहिले.
आत दोन बोटं दाबून ठेवलेली असतात मी,
तेवढी उसवतो, सोडतो, पुन्हा टीप मारतो.

माझं स्वतःचं माप मात्र वहीत नव्हतं.

सकाळचे पोहे पायमशीनवरच.
डावा हात कापड पुढे सारतो, उजव्यात चमचा,
पाय आपले खाली चालूच.
तर्री तिखट होती की नुसती लाल,
विचाराल तर सांगता यायचं नाही;
खाल्लं होतं, एवढं शर्टावरचे डाग सांगायचे.
चारच्या चहात बिस्किटं बुडायची,
काज मोजणारा मी,
बिस्किटं कधी मोजली नाहीत.

मेडिकलच्या ओपीडीत
पोरगेल्याशा डॉक्टरीणबाईनं
माझ्याच गळ्यातला टेप मागून घेतला,
माझ्याच कमरेभोवती फिरवला
आणि आकडा मोठ्यानं वाचला.
रांगेतल्या माणसांनी ऐकला.
मी म्हटलं, "टेप आटला असंल, बाई."

मग धनतेरसच्या आदल्या रात्री लाइट गेली.
अठरा ब्लाउज बाकी, दोरा ओवता येईना,
मोबाइल केव्हाचा मेलेला.
करायला काहीच नाही म्हणून डबा उघडला.
अंधारात घास शोधावा लागतो.
भाकरीची कड आधी बोटांना कळली,
मग अंबाडीचा आंबटपणा, थेट कानशिलात,
मग जवसाची चटणी,
दाताखाली एकेक दाणा फुटताना ऐकू आला.
जळायच्या अगदी अलीकडे थांबवलेला भाजणीचा वास,
आणि मागून काहीतरी गोडसर, ओळखीचं,
नाव आठवेना.
अर्ध्या भाकरीवर पोट भरलं.
मी थांबून पाहिलं, खरंच भरलं होतं.

घरी येऊन कुंदाला विचारलं,
"जवसात तीळ टाकते का तू?"
ती भांडं विसळत होती, तशीच थांबली.
"सव्वीस वर्षं झाली टाकून राहिली," म्हणाली,
आणि पुन्हा नळ सोडला. जरा जोरात.

यंदा अकरा घरांची ताटं आली.
मी मशीन बंद केली, हात धुतले, खाली बसलो.
करंजीला मुरड असते
हे काय मला माहीत नव्हतं?
पण मी, शिवणीवर पोट भरणारा माणूस,
आजवर मुरडीसकट गिळत आलो.
डोंगरेबाईंची बारीक, पिको केल्यासारखी.
गेडामांच्या घरची रुंद, घाईची, पण पक्की,
उसवणार नाही.
मेश्रामांच्या नव्या सुनेची मधेच सुटलेली,
सारण कढईत सांडलं असणार,
तिनं ती इतरांच्या खाली उलटी लपवली होती.

मी तीच उचलली.
एक करंजी खायला चहाभर वेळ लागला.
बाकीचं कुंदानं डब्यांत भरलं,
काही कारागीर पोरांना, काही उद्याला.

रविवारी चौकात अजून तर्री मागून घेतो,
एकदा. कधीकधी दुसऱ्यांदाही.
खोटं कशाला सांगू.
पण टपरीच्या बाकावर बसून,
आणि दुसरी प्लेट संपताना
पहिलीइतकी लागत नाही, हेही कळतं आता.
वहीच्या शेवटच्या पानावर माझं नाव आहे,
माप पेन्सिलीनं.

काल मेश्रामांची सून पिशवी घेऊन आली.
"कापड आटलं" नाही म्हणाली,
म्हणाली, "घट्ट होते, सोडा थोडं."
मग जाता जाता, पायरीवरून,
"काका, करंजी कशी झाली होती?"
मी म्हटलं, "वेलदोडा जरा पुढे गेला होता.
खोबरं मात्र छान भाजलं होतं."
ती उभीच राहिली.
"सगळे 'संपली' म्हणतात," ती म्हणाली,
"कशी होती ते कोणीच सांगत नाही."